एकेचाळीसला सहा

कुडचड्यात, रेल्वे फाटकाच्या अलीकडे,
कायतानच्या शेडमध्ये साखळीला टांगलंय
एका अपघाती बसचं इंजिन.
म्हापशाच्या भंगारातून आणलं, वाटेत दोनदा दोर आवळला.
खाली माझा ट्रक, तोंड उघडं टाकून.
दारावर अजून खाणीचा नंबर, तीनशे सतरा.

इंजिन काय, दोन दिवसांत बसेल, कायतान म्हणतो.
त्याच्या पाठीला काय लावायचं ते बोल.

गोणपाटावर दोन गिअरबॉक्स.
एक माझाच, पाचाचा.
त्याचा पहिला गिअर म्हणजे गोगलगाय,
पण दहा टन खनिज घेऊन खाणीच्या तळातून
वर यायचा, धाप न लागता.
दुसरा बसचा, सहाचा,
रात्रीच्या हायवेला सरावलेला,
शेवटच्या गिअरात इंजिनाला डुलकी काढू देणारा.

सोयरीकच जुळवायची म्हण की, मी हसलो.
सोयरिकीत कोण एवढं मोजतो, म्हणाला
आणि कॅलिपर लुंगीला पुसला.

मोजलं.
बसच्या बॉक्सचे बारा बोल्ट इंजिनाच्या बारा भोकांत
नुसत्या बोटांनी फिरले.
माझ्याची सहा जुळली. सहा हवेत.
मध्ये जाड लोखंडाची चकती घालता येईल,
पण चकती घातली की शाफ्टचं टोक
फ्लायव्हीलमधल्या बेअरिंगपर्यंत पोचत नाही,
राहतं अर्धा इंच अलीकडे.
महिनाभर चालेल, कायतान म्हणाला, मग रडेल.
आणि क्लच प्लेट? माप फ्लायव्हीलचं लागतं,
दाते गिअरबॉक्सचे. शाफ्टला दहा,
प्लेटला चौदा.

शाफ्टचं टोक वाढवून घेऊ, मी म्हणालो. प्लेट बेळगावात करून देतात.
"कित्याक?"
खाण सुरू झाली तर.

तो काही बोलला नाही.
जुन्या बॉक्सच्या पोटावरची माती पान्यानं खरवडू लागला.
बोटभर थर, लालजर्द, दगड झालेला.
ती शेवटच्या खेपेची.
सावर्ड्याच्या जेटीवर बार्जमध्ये ओतली,
पावती खिशात घातली,
दुसऱ्या दिवशी कुणी बोलावलं नाही.
तिसऱ्याही.
मुलगी तेव्हा तिसरीत होती. आता बी.कॉम.चं शेवटचं वर्ष.

"गुणो, कितें व्हरतलो तूं?"
काय वाहणार मी?
चिरे, म्हणालो. जाताना चिरे, येताना सिमेंट.
अनमोडचा घाट आहे मध्ये.
बोलताना आवाज दुसऱ्याच कुणाचा वाटला.

कायतान आडवा होऊन ट्रकखाली सरकला.
आतून बोलला, अर्धा आवाज चेसिसला लागून:
मागचा आस तोच ठेवू. एकेचाळीसला सहा.
घाट तो बघेल. पुढे बसचाच बॉक्स लाव.

डिझेलच्या पावतीमागे गणित मांडलं.
सहाव्यात ताशी साठ, इंजिन अठराशेवर.
जुन्यावर तेवढ्यालाच एकवीसशे लागले असते,
आणि कान बधिर.
प्रोपेलर शाफ्ट तीन इंच कापायचा,
बॅलन्स करून आणायचा, सोमवारी, मडगावहून.
क्रॉस मेंबरला नवी भोकं.
ठरलं. ठरलं म्हणजे
मीच मान हलवली.

ह्याचं काय करू?
वीक, म्हणाला. नाहीतर राहू दे इथे,
शेडचं दार वाऱ्यानं आपटतं.

दोघांनी मिळून जुना बॉक्स दाराशी नेला.
कायतान चहा सांगायला गेला.
लिव्हर अजून लावलेलाच होता,
मुठीजवळ माझ्या अंगठ्याएवढा खड्डा.
सवयीनं हात गेला.
ना इंजिन, ना चाक,
तरी पहिला गिअर पडला,
त्याच्या त्या खटक्यासकट.

मग न्यूट्रलला आणून ठेवला.